बोजाऱ्याला भीक म्हणू नका!

पोळा आठ-दहा दिवसांवर आलाय. त्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, तान्हा पोळा. परवा आमच्या गावातल्या एका नव्या लेआऊटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक सूचना फिरली. वेगवेगळ्या चार जणांनी ती मला पाठवली, म्हणून हे लिहितोय.

सूचनेत होतं ते असं. यंदा तान्हा पोळा कॉलनीच्या लॉनवर, संध्याकाळी पाच ते सात. कार्यक्रम फक्त रहिवाशांच्या मुलांसाठी. बाहेरच्या मुलांना गेटच्या आत सोडू नये. आणि घरोघरी फिरून बोजारा मागायचा प्रकार आता बंद करावा, कारण त्यानं मुलांना भीक मागायची सवय लागते.

वीस वर्षं तालुक्यात बातमीदारी करतोय. नगरपरिषदेच्या सभेत खुर्च्या फेकलेल्या पाहिल्यात. त्याचं काही वाटेनासं झालं. पण हे शेवटचं वाक्य डोक्यातून जात नाही.

पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी आधी थोडं सांगतो, कारण तुमच्याकडे हा सण नाही. पोळा बैलांचा. दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा लेकरांचा. विदर्भात घरोघरी लाकडाचे बैल असतात, खाली चाकं, गळ्यात घुंगरं. पोरं ते सजवतात, दोरी बांधून ओढत गल्लीतून नेतात. स्वतःही नटतात. कोणी धोतर-फेटा घालून शेतकरी होतं, कोणी कृष्ण, कोणी शिवाजी महाराज. मग दारोदार जायचं, बैल उंबऱ्यापुढं उभा करायचा आणि ओरडायचं, "काकू, बोजारा!" घरची बाई बैलाला हळद-कुंकू लावते, ओवाळते आणि लेकराच्या हातावर दोन-पाच-दहा रुपये, चॉकलेट, नाहीतर घरचं काही खायला ठेवते. बोजारा तो हाच. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघूजीराजांनी ही प्रथा सुरू केली असं सांगतात. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर असा, की तिथले लाकडी नंदी माणसापेक्षा उंच असतात आणि बघायला लांबून लोक येतात.

आता मुद्द्याचं. बोजारा ही भीक आहे का?

मोठ्या पोळ्याच्या दिवशी बघा काय होतं. आखरावर तोरणाखाली बैल उभे राहतात, झडत्या होतात, पोळा फुटतो. मग सालगडी बैलजोडी घेऊन घरोघरी जातो. मालकीण बैलाचे पाय धुते, पूजा करते आणि गड्याच्या हातात बोजारा देते. तो वर्षभर राबलेल्या माणसाचा आणि जनावराचा मान असतो. त्या दिवशी देणारा मोठा आणि घेणारा लहान असं काही नसतं. उलट ज्या घरी बैल आला नाही त्या घराला चुटपूट लागते. तान्ह्या पोळ्याला लेकरं याच प्रसंगाची नक्कल करतात. खेळ सालगड्याचा आहे. बंगल्यातलं पोरगंही त्या दिवशी सालगडी होतं. हे ज्याला भीक वाटतं, त्याला सालगड्याच्या हक्काचा बोजाराही भीकच वाटत असणार. मग प्रश्न लेकरांच्या सवयीचा उरत नाही, आपल्या नजरेचा होतो.

गेल्या वर्षी बातमीसाठी फोटो काढायला मी याच लेआऊटच्या गेटसमोर उभा होतो. रेल्वे लाइनच्या पलीकडच्या वस्तीतली सात-आठ पोरं आली. दोघांकडं लाकडी बैल, एकाकडं मातीचा, एकीनं खोक्याच्या पुठ्ठ्याचा बैल केलेला, त्याला बाटलीच्या झाकणांची चाकं. बाकीचे नुसतेच सोबत. चौकीदारानं अडवलं. तो बिचारा नोकरी करत होता, त्याला दोष नाही. पोरांनी वाद घातला नाही. गेटच्या बाहेर रांगेनं बैल मांडले आणि आतल्या घरांकडं बघत उभी राहिली. तेवढ्यात आतलं एक पोरगं आपला मोठा पितळी घुंगरांचा नंदी घेऊन गेटपर्यंत आलं. दोन्हीकडची पोरं गजांमधून एकमेकांचे बैल बघत होती. पुठ्ठ्याच्या बैलाची चाकं फिरतात कशी, हे आतलं पोरगं त्या पोरीला विचारत होतं. मग त्याला घरून हाक आली. दहा-पंधरा मिनिटांनी वस्तीतली पोरं परत गेली.

मी फोटो काढला, पण छापायला दिला नाही. त्या पोरांचे चेहरे पेपरात छापून ती "अडवलेली पोरं" म्हणून गावभर व्हावीत, हे मला नको होतं.

आता कमिटीची बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितो. त्यांच्यापैकी दोघांशी बोललो. ते म्हणाले, रस्त्यावर गाड्या असतात, लेकरू गाडीखाली आलं तर जबाबदार कोण? अनोळखी घरातलं खाणं पोटात गेलं आणि काही झालं तर? गर्दीचा फायदा घेऊन कोणी चोरी केली तर? आणि लॉनवर स्पर्धा घेतली, बक्षिसं दिली, तर वाईट काय?

हे प्रश्न खोटे नाहीत. पण ते जगात पहिल्यांदा आमच्याच कॉलनीला पडलेले नाहीत. अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या संध्याकाळी, लेकरं सोंगं घेऊन घरोघरी जातात आणि गोळ्या-चॉकलेटं मागतात. आपल्या तालुक्यातून तिकडं गेलेली कुटुंबंही त्या दिवशी दारात चॉकलेटचं भांडं घेऊन बसतात. तान्हा पोळा आठवतो म्हणतात. तिकडची लहान गावं या सगळ्या भानगडींतून शंभर वर्षांत जाऊन आली आहेत. त्यांचा अनुभव फुकट मिळतोय तर बघायला काय हरकत आहे?

१९२०-३०च्या दशकांत तिकडं हॅलोविन म्हणजे पोरांचा धिंगाणा होता. खिडक्या फोडणं, फाटकं उपटून नेणं. पोलीस वैतागले. मग गावोगावच्या लोकांनी ठरवलं, पोरांना हाकलण्यापेक्षा दारात बोलवू आणि खाऊ देऊ. आयोवा राज्यात डी मॉईन नावाचं शहर आहे. तिथं १९३८च्या सुमारास नगराच्या क्रीडा विभागानं पोरांच्या फेरीसाठी ३० ऑक्टोबरची वेगळी संध्याकाळ ठरवून दिली. फुकट काही नाही, दारात गाणं म्हणायचं, कविता म्हणायची, काही करून दाखवायचं. आजही तिथली पोरं दारात विनोद सांगतात, मगच खाऊ मिळतो. आणि या संध्याकाळीचं नाव काय? 'बेगर्स नाइट'. भिकाऱ्यांची रात्र! नावातच भीक असून कुणाचं पोरगं भिकारी झालं नाही. अख्ख्या शहरानं मिळून तो खेळ सांभाळला.

दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग आलं आणि ही फेरी बरीच थंडावली. युद्धानंतर पुन्हा सुरू झाली. १९५० साली फिलाडेल्फियात काही मुलांनी खाऊबरोबर युनिसेफसाठी पैसेही गोळा केले. त्यातून पुढं देशभराची मोहीम झाली. मागणारं लेकरू दुसऱ्या लेकरासाठीही मागू शकतं, हे यातून दिसतं.

आता विषाची भीती. तिकडंही ती जबरदस्त पसरली. १९७४ मध्ये टेक्सासात एका आठ वर्षांच्या मुलाचा हॅलोविनच्या गोळीतल्या सायनाइडनं मृत्यू झाला. देश हादरला. तपासात निघालं काय, तर विष विम्याच्या पैशासाठी सख्ख्या बापानं दिलं होतं. १९८२ मध्ये शिकागो भागात डोकेदुखीच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळलं, सात माणसं गेली, आणि त्या वर्षी हॅलोविनची भीती आणखी वाढली. जोएल बेस्ट नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९५८ पासूनच्या बातम्या काढून एकेक प्रकरण तपासलं. अनोळखी माणसानं दिलेल्या खाऊनं पोरगं मेलं किंवा गंभीर जखमी झालं, असं एकही पक्कं प्रकरण त्याला सापडलं नाही. बातमीदार म्हणून सांगतो, आमच्या धंद्याचाही या भीतीत मोठा वाटा आहे. 'सावधान!' असं शीर्षक दिलं की पेपर वाचला जातो.

मग धोका नाहीच का? आहे. तो गाडीचा आहे. अमेरिकेतल्या १९७५ ते २०१६ अशा ४२ वर्षांच्या अपघातांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. हॅलोविनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका इतर संध्याकाळींपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त निघाला, आणि सगळ्यात जास्त धोका चार ते आठ वर्षांच्या लेकरांना. म्हणजे कमिटीचा पहिला प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे. पण त्याचं उत्तर पोरं बंद करणं हे आहे की दोन तास गाड्या बंद करणं? तान्हा पोळा पावसाळ्यात येतो. ढगाळ आभाळ, लवकर अंधार, रस्त्यात खड्डे, निम्मे पथदिवे बंद. पथदिव्यांसाठी नगरपरिषदेवर मोर्चा नेला तर मी पहिल्या पानावर बातमी लावतो. गेट लावून घेतलं तर पथदिवे बंदच राहतात.

तिकडं आता आणखी एक प्रकार निघालाय. घरोघरी फिरण्याऐवजी चर्चच्या किंवा शाळेच्या पार्किंगमध्ये गाड्या रांगेनं लावतात, डिक्की सजवतात, आणि पोरं एका डिक्कीपासून दुसऱ्या डिक्कीपर्यंत जाऊन खाऊ घेतात. ट्रंक-ऑर-ट्रीट म्हणतात त्याला. सोयीचं आहे, सुरक्षित आहे, जिथं घरं दूर दूर आहेत तिथं योग्यही आहे. पण त्यात पोरगं कुणाच्या दारात जात नाही. आपली लॉनवरची स्पर्धा नेमकी तशीच आहे.

आणि आपल्याकडच्या स्पर्धेचं काय झालंय ते मी दरवर्षी बघतो. पाच वाजताचा कार्यक्रम. प्रमुख पाहुणे सातला येतात. तोवर लेकरं फेटे सांभाळत चिखलात उभी. मग सत्कार, शाली, भाषणं, डीजे. निवडणूक जवळ असेल तर बॅनरवर बैल लहान आणि भाऊंचा चेहरा मोठा. शेवटी उत्कृष्ट सजावटीचं बक्षीस. ते कुणाला जाणार, हे नंदीच्या किमतीवरून आधीच कळतं. काही शे रुपयांपासून कितीही हजारांपर्यंत लाकडी बैल बाजारात मिळतात. पुठ्ठ्याच्या बैलाला बक्षीस मिळाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. दारात मात्र काकू सगळ्या बैलांना तेच कुंकू लावते आणि सगळ्यांच्या हातावर तेच दहा रुपये ठेवते. स्पर्धा पोरांना नंबर लावते, फेरी लावत नाही. मला या सणात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

ऑक्टोबर आला की याच गावात दुसरं नाटक सुरू होतं. एखादी इंग्रजी शाळा हॅलोविन करते, पोरं चेटकिणी होऊन येतात, आणि लगेच 'आमची संस्कृती' म्हणत पत्रकं निघतात. पत्रकं काढणाऱ्या भाऊंना माझा एकच प्रश्न. तान्ह्या पोळ्याला तुमच्या दारात किती पोरं आली होती? कुठल्या वस्तीतली होती? की तुम्हीपण त्या संध्याकाळी गेट लावून टीव्ही बघत होता? परक्या सणाला शिव्या घातल्यानं आपला सण जगत नाही. दार उघडं ठेवलं तर जगतो.

खरंतर बैलही चाललेत. २०१९च्या पशुगणनेत देशातल्या नर गोवंशाची संख्या २०१२च्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी घटली. शेतं ट्रॅक्टरकडं गेली. आमच्या आखरावर पूर्वी जोड्या मोजता येत नव्हत्या, आता मोजून संपतात. पुढच्या पिढीला बैल कळणार तो या लाकडाच्या बैलावरूनच. आणि गाव कळणार ते या फेरीवरूनच. दहा वर्षांचं पोरगं एका संध्याकाळी चाळीस दारं फिरलं तर त्याला कळतं, कोपऱ्यातल्या घरात एकट्या आजी राहतात, त्यांचा मुलगा बंगळुरूला आहे. रिटायर गुरुजींना गुडघ्यामुळे दारापर्यंत यायला वेळ लागतो, थांबावं लागतं. त्या आजींनाही वर्षातून एकदा का होईना, दारात हाक ऐकू येते. ही ओळख आधार कार्डावर होत नाही.

आता नुसती टीका करून थांबत नाही. करायचं काय, ते लिहितो. आमच्या गल्लीत बोलून हे ठरवलंय, तुमच्याकडं गरजेप्रमाणे बदला.

१. वेळ ठरवा. संध्याकाळी साडेचार ते साडेसहा. दिवसाउजेडी सुरू, अंधाराआधी घरी. पाऊस आला तर तासभर थांबायचं, रद्द करायचं नाही.

२. त्या दोन तासांत फेरीच्या गल्ल्यांत गाड्या बंद. चार तरुण पोरं दोन्ही टोकांना दोरी धरून उभी करा. पोलीस ठाण्यात आणि नगरपरिषदेत आठ दिवस आधी साधा अर्ज द्या. अर्ज मी लिहून देतो, या.

३. दारावर खूण. अमेरिकेत ज्याच्या ओसरीचा दिवा चालू त्याच्याच दारात पोरं जातात. दिवा बंद म्हणजे त्रास द्यायचा नाही. कुणी आजारी असतं, कुणाकडं सुतक असतं, कुणाला हा सण करायचाच नसतो. त्यांच्या मनाचा मान राहिला पाहिजे. आपल्याकडं पोळ्याला दारात पळसाचा मेढा ठेवतात, पण तो पाडव्याच्या सकाळी उचलला जातो. म्हणून खूण रांगोळीच्या बैलाची. रांगोळी असेल तिथं थांबा, नसेल तर पुढं चला.

४. बोजारा सगळ्यांना सारखा. आपल्या ओळखीच्या साहेबांच्या पोराला पन्नासची नोट आणि वस्तीतल्या पोराला रुपया, असं करू नका. लेकरांना हिशोब चांगला कळतो. पैसे द्यायचे नसतील तर पेन्सिल द्या, खोडरबर द्या, केळं द्या. उघडं खाणं नको असेल तर पॅकबंद द्या, म्हणजे दुसरा प्रश्नही मिटला.

५. लहानांसोबत मोठे. दर आठ-दहा पोरांमागं एक ताई किंवा दादा, कॉलेजमधले. चोरीची भीती वाटते त्यांनी फाटकातच खुर्ची टाकून बसावं. अख्खी गल्ली बाहेर बसलेली असताना चोरी करायला येणार कोण?

६. दारात काहीतरी म्हणायचं. झडती, पाढा, विनोद, काहीही. झडत्या म्हणणारी म्हातारी माणसं अजून गावात आहेत. त्यांना आधीच्या रविवारी बोलवा, पोरांना शिकवू द्या.

७. नंदी नसला तरी चालेल. शनिवारी समाजमंदिरात पुठ्ठा, फेविकॉल, झाकणं घेऊन बसू. एक सुतारकाका लाकडाचे तुकडे द्यायला तयार आहेत. मुलींना मुद्दाम बोलवा. भुलाबाईला मुली आणि बैलाला मुलगे, ही वाटणी आता पुरे झाली.

८. फेरीला दोन वस्त्या जोडा. आमच्या गल्लीतली पोरं लाइनपलीकडं जातील, तिकडची आमच्याकडं येतील. हे सगळ्यात महत्त्वाचं. फक्त एका बाजूची पोरं मागतात आणि दुसऱ्या बाजूची घरं देतात, असं झालं तर ती भीकच होते. वस्तीतल्या घरांनाही देण्याचा मान मिळाला पाहिजे. तिथल्या बायांना विचारलं मी. एक जण म्हणाली, "भाऊ, आमच्याकडं कोणी येतच नाही, आलं तर काऊन नाही देणार?" यावर माझ्याकडं बोलायला काही नव्हतं.

राहिला गेटचा प्रश्न. लेआऊटचे रस्ते नगरपरिषदेच्या ताब्यात गेले की ते सार्वजनिक असतात. आमच्या या लेआऊटचे रस्ते गेलेले आहेत. दरवर्षी दुरुस्तीसाठी कमिटीचा अर्ज नगरपरिषदेकडंच येतो, तो मी पाहिलाय. डांबर गावाच्या पैशातून आणि वाट फक्त आपल्या पोरांना, हे कुठल्या नियमात बसतं? पण मला हे कायद्यानं सोडवायचं नाही. तान्ह्या पोळ्याला पोलीस बंदोबस्तात पोरं आत न्यावी लागली तर सण तिथंच संपला.

म्हणून कमिटीच्या सगळ्या सदस्यांना जाहीर विनंती. लॉनवरचा कार्यक्रम जरूर करा. पण तो साडेसहाला सुरू करा. त्याआधीचे दोन तास गेट उघडं ठेवा. चौकीदारदादांनाही त्या दिवशी खुर्ची द्या आणि हातात चिल्लर द्या, पहिला बोजारा त्यांच्या हातून होऊ द्या. तुमच्यातल्या बहुतेकांचं लहानपण खेड्यात गेलंय हे मला माहीत आहे. कुणाच्या तरी काकूनं तुमच्याही बैलाला कुंकू लावलं असेल. तेव्हा तुम्हाला कोणी भिकारी म्हटलं नव्हतं.

गावातल्या बाकीच्यांनी खाली कमेंटमध्ये आपला वॉर्ड आणि गल्ली लिहा. कोण दोरी धरायला येतंय, कोण पुठ्ठे आणतंय, तेही लिहा. शुक्रवारपर्यंत यादी करतो आणि रविवारी संध्याकाळी हनुमान मंदिराच्या पारावर बसू. राजकीय भाऊंचं स्वागत आहे, पण बॅनर घरी ठेवून या.

आणि दहाच्या नाण्यांची आत्तापासून सोय करून ठेवा. आयत्या वेळी दुकानदार देत नाहीत.